तीन उन्हाळे कोण थांबणार?

मागच्या वर्षी जूनच्या शेवटच्या रविवारी रुळांपलीकडच्या वस्तीत दोन टेम्पो आले. एकात रोपं, दुसऱ्यात टोप्या, पाण्याच्या बाटल्या, वडापावचे खोके आणि बॅनर. एका सत्संग परिवाराचे तीसेक सेवेकरी उतरले. खड्डे आदल्या दिवशी मजूर लावून खणून घेतले होते. नारळ फुटला, आरती झाली आणि अकराच्या आत नाल्याच्या भिंतीलगत, सार्वजनिक शौचालयामागं, अंगणवाडीच्या कडेनं अशी ४२ रोपं लागली. मी त्या वस्तीतल्या अभ्यासिकेत रविवारी गणित शिकवायला जातो, त्यामुळं माझ्याही हातात एक रोप आलं. करंजाचं होतं. फोटोत मी पुढच्या रांगेत आहे.

यंदा मे महिन्यात मी ती झाडं मोजली. तीन उरली होती. त्यातलं सगळ्यात तरतरीत झाड शौचालयाच्या टाकीखाली, कारण तिथला पाइप गळतो आणि तक्रार करूनही कोणी दुरुस्त करत नाही. दुसरं, कडुलिंबाचं, बुद्धविहाराच्या दारात. तिसरं, बदामाचं, छोट्या मशिदीच्या वजूखान्याच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायच्या जागेच्या, कोपऱ्यावर. माझं करंज रिक्षाच्या मागच्या चाकाखाली गेलं, असं पोरं सांगतात.

एका वस्तीतली ही मोजदाद. तिला कोणी पाहणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण त्या तीन झाडांकडे बघून जे सुचलं ते सोडवत नाही. गळक्या पाइपाचं झाड बाजूला ठेवलं, तर जगलेली दोन्ही झाडं प्रार्थनास्थळाच्या उंबऱ्यापाशी होती. (विहारात देव नसतो हे मला ठाऊक आहे, सोयीसाठी एकत्र घेतो आहे.) रोपं आणणारेही धार्मिकच होते. म्हणजे लावणारे श्रद्धावान आणि जगवणारेही श्रद्धावान. पण एक जण टेम्पोनं आले आणि टेम्पोनं गेले, दुसरे तिथंच राहतात. गरीब वस्तीत झाडं लावायचं काम धर्मसंस्थांनी करावं असं मला मनापासून वाटतं. मात्र ते मोठ्या संस्थानानं आपल्या नावानं करायचं काम नव्हे. ते वस्तीतल्या लहानशा देवळानं, विहारानं, मशिदीनं, चर्चनं करायचं. मोठ्यांनी पैसा, माती आणि पाणी पुरवायचं आणि बाजूला उभं राहायचं.

वस्तीत झाड हवं कशाला, इथपासून सुरुवात करावी लागते, कारण ज्यांच्या घरासमोर गुलमोहर आहे त्यांना झाड ही शोभेची वस्तू वाटते. वस्तीतलं घर म्हणजे खाली दहा बाय बाराची खोली आणि वर पत्र्याखालचा पोटमाळा. एप्रिलमध्ये दुपारी दोनला पोटमाळ्यावर जायच्या लोखंडी शिडीला हात लावायचा तर आधी ओला फडका गुंडाळावा लागतो. वर जरीचं काम करणारी पोरं बनियनवर बसलेली असतात. पंखा असतो, पण तो पत्र्याखालची तापलेली हवाच गरागरा फिरवतो. म्हाताऱ्या दुपारभर गल्लीच्या ज्या बाजूला सावली सरकेल त्या बाजूला पाट सरकवत राहतात. तिथं एक डेरेदार झाड म्हणजे दवाखान्याच्या आधीचा दवाखाना.

मी ज्या भागाबद्दल बोलतोय तो मुंबईचा एम-पूर्व विभाग, म्हणजे गोवंडी-मानखुर्दकडचा. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातल्या सगळ्या विभागांत हा तळाला होता. देवनारचं डम्पिंग ग्राउंड इथलंच, १९२७ पासूनचं. २०१६ च्या जानेवारीत ते पेटलं तेव्हा धुराची बातमी झाली. या लोकांना तो वास रोजचाच. आणि ही कोपऱ्यातल्या मूठभरांची गोष्ट नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतली ४० टक्क्यांहून जास्त माणसं झोपडवस्तीत राहतात. शहराची झाडं मात्र कुठं आहेत ते हार्बर लाइनच्या गाडीतून नुसतं बाहेर बघितलं तरी कळतं.

हे काही आपलंच वैशिष्ट्य नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज यंत्रणेनं शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या, स्थलांतरितांच्या मोहल्ल्यांवर लाल रंग फासला: इथं कर्ज धोक्याचं. २०२० मध्ये १०८ शहरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की एकेकाळी लाल रंगवलेले भाग आजही त्याच शहरातल्या इतर भागांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसनं जास्त तापतात. झाडं कमी, डांबर जास्त. नव्वद वर्षांपूर्वीचा कागदावरचा रंग आज हवेत लागतो. आपल्याकडे असा एक नकाशा नसेल, पण गावकुसाबाहेरच्या वस्तीला नकाशा लागत नसे, आणि शहरात आल्यावर तीच माणसं खाडीच्या, कचऱ्याच्या, रुळांच्या कडेला कशी पोचली हे सगळ्यांना माहीत आहे.

पालिका आहे की, मग धर्मसंस्था कशाला मधे आणता? हा प्रश्न रास्त आहे, आणि याचं अर्ध उत्तर असं की पालिकेला सुट्टी देऊच नये. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणं आहेत. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जाही दिला. पण हा कायदा मुख्यतः कुऱ्हाडीला जाब विचारतो. ज्या गल्लीत तोडायलाच झाड नाही तिथं त्याचा उपयोग काय? तोडलेल्या झाडाच्या बदल्यात लावायची झाडंही जागा मिळेल तिथं लागतात, आणि वस्तीत जागा कधीच मिळत नसते.

उरलेलं अर्ध उत्तर तीन उन्हाळ्यांचं आहे. रोप लावायला एक सकाळ पुरते. ते जगवायला तीन उन्हाळे दर दोन-तीन दिवसांनी बादलीभर पाणी, आळं मोकळं ठेवणं, बकरी हाकलणं, रिक्षावाल्याशी वाद घालणं, वाकडं झालं तर काठीला बांधणं एवढं सगळं लागतं. हे काम कंत्राटात लिहिता येतं, करून घेता येत नाही. राज्य सरकारनं १ जुलै २०१६ ला २ कोटी झाडांपासून सुरुवात केली, मग ४ कोटी, १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी अशी लक्ष्यं चढत गेली. पुढं जगली किती यावरून इतका वाद झाला की २०२१ मध्ये विधिमंडळाची समिती नेमावी लागली. मी त्या आकड्यांच्या भांडणात पडत नाही. पण लक्ष्य खड्ड्यांचं ठेवलं की खड्डे होतात, एवढं मात्र कोणीही सांगेल.

आता वस्तीतल्या लहान प्रार्थनास्थळाकडे काय असतं ते बघा. पहाटे पाचला उघडणारं दार. नळ किंवा निदान एक ड्रम. झाडू मारणारी एक बाई, बहुतेक वेळा बिनपगारी. दुपारी तिथंच पडून असणारे दोन-तीन म्हातारे, ज्यांच्या नजरेतून बकरीही सुटत नाही. आणि ज्याची किंमत कुठल्याच अंदाजपत्रकात धरता येत नाही अशी एक गोष्ट: तिथल्या वस्तूला सहसा कोणी हात लावत नाही. आपल्या देवराया याच जोरावर टिकल्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांच्या नोंदी केल्या, तेव्हा त्यांना गावोगाव हाच नियम आढळला की वाळकी काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही, देवाचा कोप होतो. वनखात्याच्या शिपायानं जे जमलं नसतं ते शेंदूर फासलेल्या दगडानं केलं.

देवरायांबद्दल भाबडं होण्यात मात्र अर्थ नाही. त्यातल्या कितीतरी जीर्णोद्धारात गेल्या. मुंबई-पुण्यात चार पैसे मिळवलेल्या गावकऱ्यांनी देवाला पक्कं घर हवं म्हणून वर्गणी काढली. झाडं विकली, लाद्या बसवल्या, सभामंडप उभा राहिला, आणि ज्या रानात देव राहत होता ते रान देवाच्याच नावानं गेलं. श्रद्धा झाड वाचवते आणि श्रद्धाच झाड खाते. वटपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी कुठल्याही स्टेशनबाहेर वडाच्या फांद्यांचे ढीग बघा, दसऱ्याला आपट्याच्या नावावर खपणारी कांचनाची पानं बघा. म्हणून ‘आपला धर्मच निसर्गपूजक आहे’ हे वाक्य ऐकलं की मी चहा मागवतो. सगळ्याच धर्मांकडे असं एकेक वाक्य आहे. कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असेल, तरी ते लावून टाका, असं हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सांगते. राजस्थानातल्या बिश्नोई पंथाच्या २९ नियमांत हिरवं झाड न तोडण्याचा नियम आहे आणि १७३० मध्ये खेजडलीत ३६३ माणसांनी त्यासाठी मान दिली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये पृथ्वीच्या सांभाळावर अख्खं परिपत्रक काढलं. ही वाक्यं खोटी नाहीत. पण वाक्याला पाणी घालावं लागत नाही.

मोठ्या संस्थांचं चुकतं ते हेतूत नाही. त्यांना हजारोंनी माणसं आणता येतात, त्यामुळं हजारोंनी रोपं लावायची जागा लागते. ती डोंगरावर मिळते, महामार्गाच्या कडेला मिळते, गावच्या गायरानात मिळते. तिथंही झाडं हवीतच. पण ज्या माणसाच्या डोक्यावर पत्रा तापतोय तो डोंगरावर राहत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानात भरदुपारी शासकीय पुरस्कार सोहळा झाला आणि उष्माघातानं १४ माणसं गेली. जमलेले लोक मुख्यतः एकाच भक्तपरिवारातले होते. त्याच परिवारातले, ज्यांनी वर्षानुवर्षं राज्यभर झाडं लावली, रस्ते झाडले. त्या दिवसाची जबाबदारी कोणाची यावर खूप बोलून झालंय. माझ्या डोक्यातून जात नाही ती गोष्ट निराळी: इतकी झाडं लावलेल्या माणसांच्या डोक्यावर त्या दुपारी एकाही झाडाची सावली नव्हती.

त्या मानानं शिखांनी केलेलं काम मला जास्त शहाणं वाटतं. गुरू नानकांच्या ५५० व्या जयंतीला, २०१९ मध्ये, इकोसिख या संस्थेनं गावोगाव ५५०-५५० देशी झाडांची छोटी वनं लावायला घेतली. पंजाबचं वनक्षेत्र ४ टक्क्यांच्याही आत आहे, म्हणजे तिथं मोकळी जागा म्हणजे कोणाचं तरी शेत. तरीही गुरुद्वाऱ्याची, पंचायतीची, कोणा शेतकऱ्यानं दिलेली जमीन घेऊन हे काम चाललं. आकडा ठरलेला, जागा ठरलेली, सांभाळणारे ठरलेले. जपानी पद्धतीनं दाट लावलेली ही वनं पाखरांना छान, पण त्यात पाट टाकून बसता येत नाही. वस्तीला वन नको असतं, सावली हवी असते. ठरलेल्या माणसाकडे ठरलेलं झाड, एवढी त्यातली गोष्ट मात्र उचलण्यासारखी.

पाण्याचं बोलायला हवं, कारण वस्तीत सगळं पाण्यापाशी येऊन थांबतं. दिवसातून दोन तास नळ येतो. भांडणं हंड्यावरून होतात. त्यातली बादली झाडाला घाल असं मी कुठल्या तोंडानं सांगू? पण वजूचं पाणी रोज पाच वेळा गटारात जातं, आणि त्यात साबण नसतो. महादेवाच्या देवळात गोमुखातून दिवसभर पाणी गळतं. सोमवारी त्यात दूध जास्त असतं, तेवढा दिवस सोडून बाकीचं पाणी झाडाला चालतं. गुरुद्वाऱ्यात लंगरच्या आधी भाज्या धुतात. चर्चमध्ये फुलं बदलतात तेव्हा बादल्या ओतल्या जातात. एक पन्हळ आणि दहा फूट पाइप, एवढ्यावर हे पाणी आळ्यात जातं. मशिदीजवळचा तो बदाम जगला तो याच्यावरच. कोणी मुद्दाम घातलं नाही, वजूखान्याची नाली तिथं फुटली होती, आणि मग मौलानांनी ती तशीच राहू दिली. निर्माल्याचंही तेच. ते कलशात टाकून पालिकेच्या गाडीची वाट बघण्यापेक्षा मागच्या अंगाला ड्रममध्ये कुजवलं, तर वर्षाचं खत घरचं.

झाड कुठलं लावायचं, इथंही श्रद्धा आडवी येते. देवळाला पिंपळ हवा असतो, विहाराला तर हवाच. पिंपळ मोठा, देखणा, कोणी तोडत नाही, सगळं खरं. पण चार फुटांच्या बोळात त्याची मुळं शेजारच्या भिंतीत शिरतात, गटार फोडतात, आणि पंधरा वर्षांनी ज्याचं घर तडकतं तो मुकाट राहतो, कारण झाड पवित्र. पिंपळ नाल्याकाठी, मैदानाच्या टोकाला लावा. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष बघा, त्याला केवढी मोकळी जागा आहे! बोळात बकुळ, आपटा, करंज, फार तर कडुलिंब. बकुळ सावकाश वाढते म्हणून लोक तोंड वाकडं करतात, पण तिची फुलं वेचायला पोरं आपणहून येतात, आणि पोरं ज्या झाडाखाली येतात ते झाड सहसा मरत नाही. शेवगा सगळ्यांना आवडतो. वादळात पहिला तोच मोडतो.

आणि कृपा करून पार बांधू नका. झाडाबद्दलचं प्रेम दाखवायची आपली एकच रीत आहे, बुंध्याला सिमेंटचा गळफास लावायचा आणि वर टाइल्स. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीत झाडाभोवतीचं एक मीटर सिमेंट काढायला सांगितलं होतं. एक मीटर म्हणजे दोन पावलं. तेवढी माती सुटली तर झाड पाणी पितं.

इथपर्यंत वाचलेला मुंबईकर आता हसत असणार, कारण कोपऱ्यावरच्या पिंपळाची गोष्ट त्याला पाठ आहे. आधी रोप. मग बुंध्याशी दगड. मग शेंदूर, टाइल्स, ग्रिल, दानपेटी, पत्र्याची शेड, वर्गणीचं पावती-पुस्तक. सार्वजनिक जागेत नवी अनधिकृत प्रार्थनास्थळं होऊ देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाला २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशात सांगावं लागलं ते उगाच नाही. धर्मसंस्थेला झाड द्या म्हणजे ती जागा घेईल, हा आक्षेप मी अजिबात हलका मानत नाही. माझ्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की झाडाच्या बुंध्याशी मूर्ती नाही, पाटी नाही आणि झेंडा नाही, ही अट आधी लेखी घ्यावी, आणि ती मोडली की संस्थेचा त्या झाडावरचा हक्क संपावा. झेंड्याचं मुद्दाम लिहितो. त्या बदामाला एका रात्री कोणीतरी हिरवा झेंडा बांधला. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या खांबावर भगवा दिसला. मौलाना आणि मंडळाचा अध्यक्ष यांनी दोन्ही उतरवले म्हणून निभावलं. झाडाला झेंडा बांधला की ते झाड राहत नाही, हद्दीचा खांब होतो, आणि हद्दीच्या खांबाला कोणी पाणी घालत नाही.

याहून जुनं एक दुखणं आहे. विहाराच्या दारातल्या कडुलिंबाला पाणी घालणाऱ्या आजी बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून आल्या. मी एकदा त्यांना सहज म्हणालो, “आजी, गावाला असताना पाराखाली बसायला मजा येत असेल.” त्या हसल्या. म्हणाल्या, “पाराखालून जाताना चपला हातात घ्याव्या लागायच्या, मास्तर. बसायचं कुठलं?” मी गप्प झालो. गावचा पार या शब्दानं ज्यांचे डोळे पाणावतात, त्यांना तिथं बसायला मिळत होतं. झाडाची सावली सगळ्यांना सारखी असते हे आपण शाळेत निबंधात लिहितो. ती कधीच सारखी नव्हती. म्हणूनच बाहेरच्या मोठ्या मठानं, संस्थानानं वस्तीत येऊन ‘आमचं झाड’ लावण्यापेक्षा आजींच्या विहारानं लावलेलं मला बरं वाटतं. त्या झाडाखाली बसायला त्यांना कोणाची परवानगी लागत नाही.

वस्तीला विचारल्याशिवाय तर काहीच लावू नये. ‘इथं हिरवळ करणार आहोत’ हे वाक्य वस्तीत वेगळं ऐकू येतं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या झोपड्यांवर १९९७ च्या न्यायालयीन आदेशानंतर बुलडोझर फिरले, ते जंगल वाचवायला. तेव्हा विस्थापित झालेल्यांचे नातेवाईक मुंबईभर आहेत. टेप घेऊन कोणी खड्ड्याची जागा मोजायला लागलं, की पहिला प्रश्न येतो, घर जाणार का? अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात हेच झालं. २०११ ते २०१४ च्या दरम्यान एका संस्थेनं गरीब मोहल्ल्यांत घरापुढं फुकट झाडं लावून द्यायचं ठरवलं, तर जवळजवळ एक चतुर्थांश लोकांनी नको म्हटलं. झाडांचा राग नव्हता. १९६७ च्या कृष्णवर्णीयांच्या उद्रेकानंतर पालिकेनं त्यांच्या रस्त्यांवरची एल्मची झाडं तोडली होती. पालिका म्हणे झाडांना रोग होता. लोकांच्या आठवणीत मात्र ती हेलिकॉप्टरमधून आपल्यावर नजर ठेवता यावी म्हणून तोडली. आता पुन्हा बाहेरचीच माणसं झाड घेऊन येतात, कुठलं ते विचारत नाहीत, आणि पानं कोणी झाडायची, मोडलं तर कोणी उचलायचं हे सांगत नाहीत. मी त्या मोहल्ल्यात असतो तर मीही दार लावून घेतलं असतं.

विचारायचं कोणी, तर ज्याला दार उघडलं जातं त्यानं. अमेरिकेतच चेसापीक उपसागराच्या भागात एक आंतरधर्मीय संस्था चर्चना, ज्यूंच्या सिनेगॉगना, मशिदींना त्यांच्याच आवारात झाडं लावायला मदत करते. संस्था रोपं आणि माहिती पुरवते, माणसं त्या त्या मंडळीची. सरकारी पैसा असला तर उत्तमच. अमेरिकेनं २०२२ च्या कायद्यात शहरी झाडांसाठी दीड अब्ज डॉलर ठेवले आणि वंचित मोहल्ल्यांना झुकतं माप दिलं. सरकार बदललं आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्यातलं साडेसात कोटी डॉलरचं एक अनुदान रद्द झालं. झाड दोन सरकारांपेक्षा जास्त जगतं. वस्तीतलं चर्चही.

मग मोठ्या देवस्थानांनी नेमकं काय करायचं? पाटीशिवाय पैसे द्यायचे. राडारोड्यानं भरलेला खड्डा तीन फूट उकरून त्यात लाल माती आणि शेणखत भरायचा खर्च रोपाच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त येतो, तो द्यायचा. लोखंडी पिंजरा द्यायचा, त्यावर देणगीदाराचं नाव न घालता. एप्रिल-मेमध्ये टँकर द्यायचा. आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली प्रत्येक संस्था धर्मादाय कार्यालयाला दरवर्षी हिशेब देतेच, तर ज्यांनी वृक्षारोपणावर खर्च दाखवला त्यांनी त्यापुढच्या तीन वर्षांच्या हिशेबात किती झाडं जिवंत आहेत तेही लिहावं. एक ओळ वाढेल. पहिल्या वर्षी आकडे वाचायला नको वाटतील, पण ४२ च्या जागी ६ रोपं लावायची अक्कल दुसऱ्या वर्षी येईल.

हे सगळं मी त्या सत्संग परिवारातल्या एका दादांना फोनवर ऐकवलं. यंदा परत येणार होते, रोपं किती आणू म्हणून त्यांनीच फोन केला होता. ऐकून घेतलं, भला माणूस. म्हणाले, “सर, तुम्ही विचारून सांगा, वस्तीला काय हवंय ते.” मी विहारात गेलो. आजी पायरीवर लसूण सोलत होत्या. त्यांनी झाडाकडे बघितलं, नळाकडे बघितलं, मनात काहीतरी मोजलं.

“रोपं नकोत आत्ता,” म्हणाल्या. “पाइप आणायला सांगा. वीस फूट. आणि तोटी पितळेची, प्लास्टिकची टिकत न्हाई.”

पाइप आला. पितळेच्या तोटीसकट आला. बॅनर नव्हता, मुद्दाम आणला नाही की छापायला उशीर झाला, ते मी विचारलं नाही.